एचपी तोच, आरपीएम तोच, मग मोटर बदलून का चालत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी मेंटेनन्समध्ये नवीन आहे. तीन फेजची साधी इंडक्शन मोटर मला कळते. पण क्रेनची, बोअरची, फ्लेमप्रूफ, स्टेपर, सर्व्हो अशा खास कामाच्या मोटरी आतून वेगळ्या असतात म्हणजे नेमकं काय वेगळं असतं? नेमप्लेटवर एचपी आणि आरपीएम सारखे असतील तर एकीच्या जागी दुसरी का लावायची नाही?"

शेवटचा भाग आधी घेतो, कारण खरी मेख तिथेच आहे. एचपी आणि आरपीएम एवढंच सांगतात की मोटर किती जोर देते आणि किती वेगाने फिरते. सलग किती वेळ चालणार, कुठे बसणार, तासाला किती वेळा चालू-बंद होणार आणि ऐन कामात वीज गेली तर काय व्हायला हवं, हे त्या दोन आकड्यांत कुठेच नसतं. खास मोटर यांपैकीच एखाद्या प्रश्नासाठी बनवलेली असते. त्यासाठी साध्या मोटरचा एखादाच भाग मुद्दाम बदलतात. कुणाचा रोटर (आतला फिरणारा भाग) बदलतो, कुणाचं बेअरिंग, कुणाच्या नुसत्या झाकणाचा सांधा. तो भाग कोणता आणि तो का बदलला, हे ओळखता आलं की मोटर कळली असं समजा. गेली अनेक वर्षं मोटरी भरण्याच्या, म्हणजे आतलं तारेचं वाइंडिंग नव्याने घालण्याच्या, आणि दुरुस्तीच्या कामात मी तरी हेच बघत आलो आहे.

साध्या मोटरबद्दल दोनच गोष्टी लक्षात ठेवा. ५० हर्ट्झवर चार पोलच्या स्टेटरमधलं (बाहेरच्या स्थिर भागातलं) चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं, रोटर त्याच्या किंचित मागे, १४४० च्या आसपास फिरतो, आणि त्या फरकामुळेच रोटरच्या सळ्यांत करंट तयार होतो. दुसरी गोष्ट, तिचा थंडाव्याचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. म्हणजे ती पूर्ण वेगाने, सलग, मोकळ्या हवेत फिरणार असं गृहीत धरूनच ती बनवलेली आहे.

आता हीच मोटर क्रेनवर चढवा. क्रेनची मोटर काही सेकंद चालते, थांबते, उलटी फिरते, पुन्हा थांबते. सुरू होताना साधी मोटर पूर्ण लोडच्या सहा-सात पट करंट खेचते, हे तुम्हाला माहीत असेलच. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की एखादं जड फिरतं वजन शून्यातून पूर्ण वेगावर नेताना, त्या वजनात शेवटी जेवढी गतिज ऊर्जा साठते, जवळजवळ तेवढीच ऊर्जा रोटरमध्ये उष्णता होऊन जाते. सावकाश सुरू करा नाहीतर झटक्यात, हा हिशोब फारसा बदलत नाही. फेज उलटवून मोटर थांबवली तर ती उष्णता तिप्पट. तासाला दीडशे वेळा असं झालं की वाइंडिंगच्या आधी रोटरच तापून लाल होतो. म्हणून जुन्या मोठ्या क्रेनवर स्लिपरिंग मोटर असते. तिच्या रोटरचं वाइंडिंग रिंगांमधून बाहेर काढून रेझिस्टन्सच्या पेटीला जोडलेलं असतं. उष्णता टळत नाही, पण बरीचशी मोटरच्या पोटातून बाहेर पेटीत जाते.

क्रेनच्या नेमप्लेटवर 'एस३, ४०%' असं काहीतरी दिसेल. एस१ म्हणजे सलग चालणारी. एस३ ४०% म्हणजे दहा मिनिटांच्या चक्रात चार मिनिटं चालणार आणि सहा मिनिटं निवणार. १५ किलोवॅटची अशी मोटर तुम्ही सलग चालणाऱ्या पंपाला लावलीत तर ती १५ किलोवॅट देईल, पण निवायला मिळणारी ती सहा मिनिटं तुम्ही काढून घेतलीत. मग वार्निशचा वास येतो आणि मोटर भरायला येते. उलटं केलं तरी तेच. सलग चालणारी मोटर क्रेनवर टाकली की स्टार्टच्या उष्णतेने जळते. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर इथेच आहे.

क्रेनच्या छोट्या हॉइस्टमध्ये (वजन वर उचलणाऱ्या यंत्रात) एक रचना असते, तिचं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून कौतुक आहे. रोटर सरळ दंडगोल नसून निमुळता, शंकूसारखा असतो आणि स्टेटरचं आतलं तोंडही तसंच. वीज आली की चुंबकीय ओढ रोटरला फिरवते आणि त्याच वेळी शाफ्टच्या दिशेने आत खेचते. त्या खेचण्याने स्प्रिंग दाबली जाते आणि मागचा ब्रेक सुटतो. वीज गेली की स्प्रिंग रोटरला परत ढकलते आणि ब्रेक लागतो. वेगळी ब्रेक कॉइल नाही, वेगळी वायर नाही. हवेत लटकलेलं वजन खाली येऊ नये ही जबाबदारी विजेवर न टाकता ती नसण्यावर टाकली आहे. अशी मोटर खोलल्यावर शाफ्ट पुढे-मागे काही मिलिमीटर सरकतो. ते पाहून 'बेअरिंग गेलं' म्हणून कुणी पॅकिंग टाकून तो खेळ बंद केला तर ब्रेक सुटणार नाही किंवा लागणार नाही. ब्रेक न लागणं माणसाच्या जिवावर बेततं.

युनिव्हर्सल मोटर, म्हणजे मिक्सर, हँड ड्रिल, ग्राइंडरमधली, हिच्यावर फार वेळ घालवत नाही. ५० हर्ट्झवर इंडक्शन मोटर ३००० आरपीएमच्या वर जाऊच शकत नाही. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले वेग, त्यामुळे हातात मावेल एवढी मोटर हवी तर वेग वाढवावा लागतो. म्हणून फील्ड (स्थिर कॉइल) आणि आर्मेचर (फिरणारं वाइंडिंग) सिरीजमध्ये जोडतात. एसीची दिशा उलटली की दोघांतला करंट एकदमच उलटतो आणि टॉर्कची दिशा तीच राहते. अशी मोटर वीस हजार आरपीएमसुद्धा सहज गाठते. याची किंमत म्हणजे कार्बन ब्रश, ठिणग्या आणि आवाज. फील्डचा गाभाही पातळ पत्र्यांचाच लागतो, अखंड लोखंडाचा असता तर एसीवर एडी करंटने, म्हणजे लोखंडातच घुमणाऱ्या करंटने, तापला असता.

आता बोअरमधली सबमर्सिबल. इथे अट जागेची आहे. मोटरचा टॉर्क ढोबळमानाने रोटरच्या व्यासाचा वर्ग गुणिले लांबी या प्रमाणात असतो. व्यास निम्मा केला तर तोच टॉर्क मिळवायला लांबी चौपट लागते. म्हणून बोअरची मोटर उसासारखी लांब असते. पण खरी गंमत आत आहे. पाणी भरलेल्या प्रकारात मोटरच्या पोटात मुद्दाम पाणी भरतात आणि वाइंडिंग त्या पाण्यात बुडालेलं असतं. एनॅमलची नेहमीची तार इथे चालत नाही. तारेवर प्लास्टिकचं अखंड आवरण असतं, आणि वाइंडर ती तार स्टेटरच्या लांबलचक खाचांमधून एकेक फेरा ओवून काढतो. ओवताना खाचेच्या कडेला आवरण टाचणीएवढं जरी खरचटलं तरी मोटर पाण्यात उतरताच मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) शून्य दाखवतो. म्हणून भरून झाल्यावर स्टेटर पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतात आणि मगच मेगर लावतात. कोरड्या अवस्थेतला मेगर इथे काही सांगत नाही.

बेअरिंगलाही तेल किंवा ग्रीस नाही. बुश पाण्यावर चालतात आणि सर्वांत खाली थ्रस्ट बेअरिंग असतं. पंपाचं पाणी वर जातं तेव्हा शाफ्टवर खालच्या दिशेने जो दाब येतो, तो सगळा या बेअरिंगवर. त्यात एक गुळगुळीत चकती आणि तिच्यासमोर किंचित झुकू शकणारे तुकडे असतात. चकती फिरू लागली की तुकडे अगदी थोडे तिरके होतात, पाण्याचा पातळ पदर मध्ये ओढला जातो आणि सगळं वजन त्या पदरावर तरंगतं. चकती आणि तुकडे एकमेकांना टेकत नाहीत. पाणी नसेल तर मात्र पदरही नाही.

एकदा माझ्याकडे नवीकोरी मोटर आली, एकदाही बोअरमध्ये न उतरलेली, पण शाफ्ट हाताने फिरत नव्हता. खोलून बघितलं तर थ्रस्टचे तुकडे काळे पडून चकतीला घासलेले. विचारल्यावर कळलं, आत पाणी न भरता जमिनीवर आडवी ठेवून दोन मिनिटं 'चालते का ते बघितलं'. मोटरला पाणी भरायचं ते दोन्ही प्लग उघडून, सावकाश, हवेचे बुडबुडे येणं थांबेपर्यंत आणि स्वच्छ पाणी. तळाशी एक रबरी पडदा असतो, तो तापलेल्या पाण्याला फुगायला जागा देतो. तो फाटला की बोअरची रेती आत जाते. अजून एक गोष्ट: या मोटरचा थंडावा म्हणजे तिच्या अंगावरून वाहणारं पाणी. रुंद विहिरीत किंवा टाकीत ती उभी केली तर पाणी बाजूनेच पंपाकडे जातं आणि मोटर बुडालेली असूनही तापते. तिथे भोवती पाइपचं आवरण लावून पाण्याला तिच्या अंगावरून यायला भाग पाडतात.

फ्लेमप्रूफबद्दल, म्हणजे ज्वलनशील वायूच्या जागी लावायच्या मोटरबद्दल, सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून इथे जरा थांबतो. जवळजवळ प्रत्येक नवीन माणूस मला सांगतो की ही मोटर हवाबंद असते, गॅस आत जातच नाही. तसं नाही. मोटर तापते तेव्हा आतली हवा बाहेर जाते, निवते तेव्हा बाहेरची हवा आत येते, आणि बाहेर ज्वलनशील वायू असेल तर तोही येतो. डिझाइन करणाऱ्याने हे मान्यच केलेलं असतं. त्याने गृहीत धरलेलं असतं की एक दिवस आत ठिणगी पडेल आणि आतल्या वायूचा स्फोट होईल. बॉडी तो दाब सहन करते आणि गरम वायू सांध्यांच्या फटींतून बाहेर पडतात. त्या फटीच सगळं काम करतात. झाकण आणि बॉडी यांच्यातला सांधा रुंद आणि तंतोतंत घासलेला असतो. त्या अरुंद लांब वाटेने येताना ज्वाळेची उष्णता दोन्ही बाजूंचं लोखंड शोषून घेतं आणि बाहेर निघणारा वायू बाहेरच्या वायूला पेटवू शकेल इतका गरम राहत नाही. हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये खाणकामगारांसाठी जाळीचा दिवा केला, त्यातही तारेची जाळी ज्वाळेची उष्णता अशीच शोषून घेते.

फट किती असावी हे वायूवर ठरतं. प्रयोगशाळेत २५ मिलिमीटर लांबीच्या सांध्यावर मोजतात, तेव्हा मिथेनची ज्वाळा सुमारे १.१ मिलिमीटर फटीपर्यंत अडते, हायड्रोजनची मात्र जेमतेम ०.३ मिलिमीटरपर्यंत. प्रत्यक्ष मोटरमध्ये याहून बरीच कमी फट ठेवतात. म्हणून मिथेनच्या गटासाठी प्रमाणित मोटर हायड्रोजनच्या जागी लावायची नाही, एचपी कितीही जुळू देत. आतलं वाइंडिंग आणि रोटर बघाल तर नेहमीच्या इंडक्शन मोटरसारखेच. खास आहे ते त्याभोवतीचं लोखंड.

आता कल्पना करा की या सांध्यावर कुणी चांगल्या हेतूने रंग मारला, किंवा 'पाणी जाऊ नये' म्हणून सिलिकॉन भरलं. मी अशी मोटर खोललेली आहे. झाकण सुटेना म्हणून कडेला छिन्नी लावून ते उचकटलेलं होतं आणि घासलेल्या तोंडावर नखाला लागेल एवढा चरा पडला होता. बघायला किरकोळ वाटतं, पण तो चरा म्हणजे ज्वाळेला मोकळा रस्ता. त्या मोटरला नवं झाकण मिळेपर्यंत मी ती परत द्यायला नकार दिला आणि आजही तेच करेन. हा सांधा स्वच्छ पुसायचा, घट्ट न होणारं मान्य ग्रीस पातळ लावायचं आणि बोल्ट सगळेच्या सगळे, त्याच ग्रेडचे, पूर्ण आवळायचे. टर्मिनल बॉक्सला जादा भोक पाडायचं तर नाहीच नाही.

स्टेपर, म्हणजे ठरावीक पायऱ्यांनी फिरणारी मोटर, पूर्णपणे वेगळ्या दुनियेतली वाटते, पण तिचं काम एका आकड्यात सांगता येतं: ५०. नेहमीच्या हायब्रिड स्टेपरच्या रोटरवर ५० दात असतात. रोटर दोन चकत्यांचा, मध्ये शाफ्टच्या दिशेने चुंबकित केलेला चुंबक, म्हणजे एक चकती उत्तर ध्रुव आणि दुसरी दक्षिण. दोन्ही चकत्यांचे दात एकमेकांपासून अर्ध्या दाताने सरकवलेले असतात. स्टेटरच्या आठ पोलांनाही तसेच बारीक दात असतात आणि पोल आळीपाळीने दोन फेजमध्ये वाटलेले असतात. फेजचा करंट एक पायरी पुढे सरकला की रोटर पाव दात पुढे जातो. एका दाताचं अंतर ३६० भागिले ५० म्हणजे ७.२ अंश, त्याचा पाव म्हणजे १.८ अंश, फेऱ्याला २०० पायऱ्या. एक सुटी स्टेपर हातात घ्या आणि शाफ्ट फिरवा. बोटांना कटकट असे टप्पे जाणवतील. आता कोणत्याही दोन वायरी एकमेकींना टेकवून पुन्हा फिरवा. शाफ्ट एकदम जड झाला तर त्या दोन एकाच कॉइलच्या. मीटर नसेल तेव्हा आम्ही कॉइलच्या जोड्या अशाच शोधतो.

नवशिक्याला नेहमी पडणारं कोडं असं की मोटरवर २.८ व्होल्ट लिहिलं आहे आणि तिला करंट देणारा ड्रायव्हर २४ व्होल्टचा आहे. समजा वाइंडिंगचा रेझिस्टन्स १.४ ओहम, इंडक्टन्स ३ मिलीहेन्री आणि करंट २ अँपिअर. २.८ व्होल्टवर करंट २ अँपिअरला टेकतो खरा, पण त्याचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे करंट बराचसा चढायला लागणारा वेळ, दोन मिलिसेकंदांच्या आसपास येतो. सेकंदाला १००० पायऱ्या हव्या असतील तर एका पायरीला मिळते एकच मिलिसेकंद. करंट चढण्याआधीच पुढची पायरी येते, टॉर्क मिळत नाही आणि मोटर जागच्या जागी गुरगुरते. २४ व्होल्ट दिले की तोच करंट पाव मिलिसेकंदात चढतो आणि मग ड्रायव्हर व्होल्टेज वेगाने तोडत-जोडत तो २ अँपिअरवर धरून ठेवतो. म्हणजे मोटरवरचा व्होल्टेजचा आकडा बाजूला ठेवा आणि ड्रायव्हरवर करंट बरोबर लावा.

तिची कमजोरी ही की लोड जास्त झाला तर ती पायरी चुकते आणि कुणाला सांगत नाही. शिवाय उभी असतानाही करंट चालूच असल्यामुळे हात लावता येणार नाही इतकी तापते, तो दोष नव्हे. आणि उत्सुकतेपोटी तिचा रोटर बाहेर काढू नका. एअर गॅप कागदाच्या जाडीपेक्षाही कमी असतो. रोटर बाहेर आला की चुंबकाचं बंद सर्किट उघडतं, चुंबक थोडा उतरतो आणि परत बसवल्यावर टॉर्क कमी मिळतो, विशेषतः जुन्या अल्निको चुंबकांच्या मोटरीत. मी शिकत असताना एक अशीच हातची घालवली आहे.

सर्व्हो मोटर पायऱ्या मोजत नाही, तिला मागे बसवलेला एन्कोडर रोटर कुठे आहे ते क्षणोक्षणी सांगतो. तिचा रोटर बारीक आणि लांब ठेवतात, कारण इनर्शियात (वेग बदलायला होणाऱ्या विरोधात) त्रिज्येचा वर्ग येतो आणि झटपट वेग घेण्यासाठी तो कमी हवा. क्षणभर ती नेहमीच्या तिप्पट टॉर्कही देऊ शकते. दुरुस्तीत दोन गोष्टी सांभाळा. कपलिंग हातोडीने ठोकून बसवू नका, कारण तो धक्का थेट एन्कोडरच्या काचेच्या चकतीवर जातो. आणि एन्कोडर काढण्याआधी त्याची शाफ्टवरची जागा खूण करून ठेवा. एन्कोडरचा शून्य आणि रोटरच्या चुंबकाचे ध्रुव यांचं नातं ड्राइव्हला (मोटरला करंट पुरवणाऱ्या पेटीला) ठाऊक असतं. ते बिघडलं की ड्राइव्ह चुकीच्या कोनात करंट देतो, मोटर थरथरते किंवा आदेश नसताना पूर्ण जोराने एका बाजूला पळते. एन्कोडर बदलल्यावर पहिली चाचणी नेहमी मशीनपासून सोडवलेल्या मोटरवरच.

बाकीच्या काही झटपट सांगतो. व्हीएफडीवर, म्हणजे वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर, कमी वेगाने सलग चालणाऱ्या मोटरला शाफ्टवरचा पंखा पुरत नाही, म्हणून मागे स्वतंत्र पंखा लावतात; मोठ्या मोटरीत शाफ्टमधून वाहणाऱ्या करंटने बेअरिंगला चरे पडू नयेत म्हणून एक बेअरिंग इन्सुलेटेड असतं. अमोनियाच्या ज्या कॉम्प्रेसरमध्ये मोटर वायूच्या आतच बसते, तिथे तांबं चालत नाही, कारण अमोनिया ते खातो. म्हणून ॲल्युमिनियमचं वाइंडिंग वापरतात. आणि आग लागल्यावर धूर बाहेर काढणाऱ्या पंख्याची मोटर असते, तिच्यावर 'एफ३००, ६० मिनिटं' असं लिहिलेलं असतं. ३०० अंश सेल्सियसच्या धुरात तिने एक तास टिकायचं, एवढीच अट. एकदा असा तास काढल्यावर ती पुन्हा वापरायची नाही.

नेमप्लेटच उडालेली मोटर हातात आली तर मी असं बघतो. झाकणांचे सांधे नेहमीपेक्षा रुंद आणि बोल्ट जास्त असतील तर फ्लेमप्रूफचा संशय घ्यायचा आणि छिन्नी बाजूला ठेवायची. शाफ्ट आत-बाहेर सरकत असेल तर निमुळता रोटर असू शकतो. तिन्ही फेज एकत्र शॉर्ट करून शाफ्ट हाताने फिरवायचा. सुटा असताना हलका आणि शॉर्ट केल्यावर जड लागला तर आत कायमचे चुंबक आहेत. अशी मोटर बाहेरून कुणी फिरवली तर मेन स्विच बंद असूनही टर्मिनलवर व्होल्टेज येतं, म्हणून काम करताना शाफ्ट बांधून ठेवायचा. आणि तिचा रोटर हाताने ओढायचा नाही. तो अर्धा बाहेर येतो, मग चुंबक त्याला एका बाजूला स्टेटरकडे खेचतो आणि मध्ये बोट असेल तर चिरडतं. लेथवर किंवा फिक्स्चरमध्ये दोन्ही टोकं धरूनच तो काढायचा.